मोनोसाइट आणि मॅक्रोफेज: रक्तातून धावून येणारे आणि जन्माआधीच मुक्कामाला बसलेले

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकजण आधी हिमोग्लोबिन बघतात, मग पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, आणि मग खाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल अशी पाच नावं असतात तिथे नजर अडखळते. त्यात मोनोसाइटच्या शेजारी वर जाणारा बाण दिसला की झालं, लगेच मोबाइलवर सर्च, आणि सर्चमध्ये पहिल्या पाच ओळींत टीबीपासून ब्लड कॅन्सरपर्यंत सगळं समोर. असे रिपोर्टचे फोटो मला ओळखीच्या लोकांकडून इतके येतात की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं.

आधी रिपोर्टचंच सांगून टाकते, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. मोनोसाइट साधारण २ ते ८ टक्के असतात, काही लॅब १० पर्यंत नॉर्मल धरतात. इन्फेक्शनमधून बरं होताना हा आकडा थोडा वर जाणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय टक्केवारी फसवते, कारण बाकीच्या पेशी कमी झाल्या तरी मोनोसाइटचा टक्का आपोआप फुगतो, म्हणून डॉक्टर टक्क्यापेक्षा प्रत्यक्ष संख्या बघतात, आणि ती महिनोन् महिने वरच राहिली तर पुढच्या तपासण्या सांगतात. एका रिपोर्टमधल्या एका बाणावरून आपण काही ठरवू नये, एवढं पुरे.

पण ह्या पेशींची गोष्ट त्या रकान्यापेक्षा खूप मोठी आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती पार बदललीय. आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजात बायोलॉजी घेतलं होतं त्यांच्या डोक्यात अजून जुनीच गोष्ट आहे, त्यांच्यासाठी तर हे मुद्दाम.

आधी दोन शब्द

मोनोसाइट ही रक्तात फिरणारी पांढरी पेशी. हाडांच्या आतल्या बोन मॅरोमध्ये ती तयार होते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये ती आकाराने सगळ्यात मोठी, आणि मायक्रोस्कोपखाली तिचं केंद्रक किडनीसारखं किंवा घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं दिसतं. रक्तात ती फार दिवस राहत नाही, बहुतेक मोनोसाइट एक-दोन दिवसांतच बाहेर पडतात किंवा मरतात. थोडे मोनोसाइट वेगळ्या प्रकारचे असतात, ते आठवडाभर टिकतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवरून सरपटत गस्त घालत राहतात.

मॅक्रोफेज ही अवयवांच्या आत राहणारी पेशी. नावाचा ग्रीक अर्थ मोठी खादाड. जंतू, मेलेल्या पेशी, धूळ, कचरा, जे समोर येईल त्याला ती वेढा घालून गिळते आणि आत पचवते. फुफ्फुसात आहे, लिव्हरमध्ये आहे, मेंदूत, हृदयात, त्वचेत, आतड्यात, हाडात, असा एक अवयव सांगता येणार नाही जिथे ती नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, रक्ताच्या रिपोर्टमध्ये मॅक्रोफेजचा रकानाच नसतो, कारण ती रक्तात राहतच नाही. म्हणजे रिपोर्ट बघून आपण ज्या फौजेचा अंदाज बांधतो तिचा बराच मोठा भाग त्या कागदावर आलेलाच नसतो.

काटा टोचला तेव्हा

हे सगळं सुरू झालं १८८२ साली. सिसिलीतलं मेसिना गाव, समुद्रकिनाऱ्यावर राहायला आलेला एली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते आणि हा एकटा मायक्रोस्कोपपाशी बसून तारामाशाचे लार्वा बघत होता. ते लार्वा काचेसारखे आरपार दिसतात, आतल्या पेशी हलताना सरळ डोळ्यांना दिसतात. त्याच्या डोक्यात आलं की ह्या भटक्या पेशी नुसत्या अन्न पचवत नसतील, बाहेरून काही घुसलं तर त्याच्यावर धावूनही जात असतील. बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि लार्वाच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला.

ह्यात रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत, अँटीबॉडी नाहीत, तारामाशाला ह्यातलं काही नसतंच, फक्त पेशी चालत आल्या. ह्या एका निरीक्षणावर पुढे अख्खी शाखा उभी राहिली आणि १९०८ मध्ये मेचनिकॉफला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. मला ही गोष्ट इतकी आवडते कारण ह्यात महागडं काहीच नाही, एक काटा आणि एक नेमका प्रश्न.

जुनी गोष्ट: सगळे एकाच वाटेने आले

पुढचा प्रश्न साहजिक होता की ह्या खादाड पेशी येतात कुठून. १९६८ मध्ये राल्फ व्हान फर्थ आणि झॅनव्हिल कोन ह्या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले, नव्याने तयार होणाऱ्या पेशींना रेडिओॲक्टिव्ह खूण लावली आणि त्यांचा माग काढला. बोन मॅरोत पेशी जन्मते, मोनोसाइट होऊन रक्तात येते, तिथून टिश्यूत शिरते आणि मॅक्रोफेज बनते. १९७२ मध्ये ह्या सगळ्याला एक अधिकृत नाव मिळालं आणि पुढची चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच छापलं गेलं. मोनोसाइट म्हणजे मॅक्रोफेजचं लहानपण, विषय संपला.

ही गोष्ट चुकीची म्हणावी का? माझ्या मते नाही म्हणावी, कारण त्यांनी जे बघितलं ते खरंच घडतं. पण त्या प्रयोगांत भर होता तो सूज आलेल्या किंवा ज्यांच्यात पेशी पटापट बदलतात अशा जागांवर, आणि तिथे मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज होतातच. शांत, निरोगी अवयवात काय चालतं हे नीट बघायला तेव्हा साधनच नव्हतं. आग लागलेल्या घरात शिरणारी माणसं मोजली आणि ठरवलं की घरात राहणारे सगळे अग्निशमन दलाचेच, असं काहीसं झालं होतं.

मग गोष्ट उलटली कशी

शंका आधीपासून होत्या. रेडिएशन देऊन उंदराची बोन मॅरो मारली आणि नवी बोन मॅरो घातली तर रक्त सगळं नवं होतं पण काही अवयवांतले मॅक्रोफेज जुनेच राहतात, हे लोकांना दिसत होतं. दुसरा एक प्रयोग म्हणजे दोन उंदरांचं रक्त एकमेकांत फिरेल असं त्यांना जोडायचं. महिने गेले, एकाचे मोनोसाइट दुसऱ्याच्या रक्तात दिसायला लागले, पण मेंदूतल्या मॅक्रोफेजमध्ये पाहुणा जवळजवळ नाहीच. म्हणजे रक्तातून भरती होत असती तर ती दिसायला हवी होती, ती दिसली नाही.

खरा निकाल लागला तो २०१० च्या सुमारास. तंत्र असं, की गाभण उंदरीला ठरावीक दिवशी एक औषध दिलं की त्या दिवशी गर्भात असलेल्या विशिष्ट पेशींच्या डीएनएमध्ये एक खूण कायमची बसते, पेशी रंगीत चमकायला लागते, आणि मजा म्हणजे ती खूण त्या पेशीच्या लेकींना, नातींना, पणतींना सगळ्यांना वारशाने मिळते. मग पिल्लू जन्मून मोठं झाल्यावर कुठल्या अवयवात कोण चमकतंय ते बघायचं. उंदराचा गर्भ सातव्या दिवसाच्या आसपास असताना खूण लावली, त्या वेळी बोन मॅरो तर सोडाच, हाडंच बनलेली नसतात. आणि मोठ्या झालेल्या उंदराच्या मेंदूत मॅक्रोफेज चमकत होते! रक्तातले मोनोसाइट मात्र जवळजवळ कोरेच.

म्हणजे मेंदूतले हे मॅक्रोफेज बोन मॅरोचे नाहीतच. ते आलेत योक सॅकमधून. योक सॅक म्हणजे गर्भाला अगदी सुरुवातीला चिकटलेली एक छोटी तात्पुरती पिशवी, पहिल्यावहिल्या रक्तपेशी तिथे तयार होतात आणि पुढे ती पिशवी विरून जाते. माणसात हे गर्भाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, म्हणजे कित्येकदा आईला आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं तेव्हा. ती पिशवी गेली, पण तिच्यातून निघालेल्या पेशींचा वंश आपल्या मेंदूत आज आत्ता हे वाचतानाही बसलेला आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचा पानभर मजकूर डोक्यात शिरलाच नाही.

२०१२ मध्ये आणखी एक पुरावा आला. बोन मॅरोतल्या मूळ पेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे रक्तपेशी बनतात त्यांना, एक विशिष्ट जीन लागतंच लागतं, ते काढून टाकलं तर त्या बनत नाहीत. ते जीन नसलेल्या उंदरांच्या गर्भात नेहमीच्या रक्ताची ती वाट बंद पडली, पण योक सॅकमधून आलेले मॅक्रोफेज आपल्या जागी व्यवस्थित होते. वाटा दोन आहेत ह्यावर शिक्कामोर्तब झालं.

कुठल्या अवयवात कोण

सगळीकडे एकच नियम असता तर किती सोपं झालं असतं, पण तसं नाहीये. मेंदूतले मॅक्रोफेज, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, ते जवळपास सगळे योक सॅकचे, कारण पुढे मेंदूभोवती पक्की तटबंदी उभी राहते आणि दार बंद होतं. लिव्हरमधले मॅक्रोफेज, कार्ल कुप्फर ह्या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात, हेही बहुतेक जन्माआधी येऊन बसलेले. फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्यांतले मॅक्रोफेज गर्भाच्या लिव्हरमध्ये तयार झालेल्या मोनोसाइटपासून बनतात आणि बाळाने पहिले श्वास घेतल्यानंतरच्या काही दिवसांत तिथे स्थिरावतात.

हे सगळे जुने रहिवासी स्वतःची संख्या स्वतःच राखतात. एक मेला तर शेजारचा दुभंगून दोन होतो, रक्ताकडे माणूस मागायला जात नाहीत.

आतड्याचं उलट आहे. तिथे दिवसरात्र कोट्यवधी जीवाणूंशी संपर्क, पेशींची झीज सतत, म्हणून बहुतेक मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइटपासून पुन्हा पुन्हा भरले जातात. त्वचेचा खालचा थर आणि हृदय ह्यांच्यात दोन्ही प्रकार मिसळलेले, आणि वय वाढेल तसं हृदयात रक्तातून आलेल्यांचं प्रमाण वाढत जातं. आणि जुनं हाड पोखरून काढणारी पेशी असते ना, ऑस्टिओक्लास्ट, तीही ह्याच कुळातली, अनेक पेशी एकमेकींत विरघळून बनलेली.

इथे एक गोष्ट फार सुंदर आहे. बाहेरून आलेला मोनोसाइट एखाद्या अवयवात रिकामी जागा मिळून टिकला तर हळूहळू तिथल्यासारखाच होतो. लिव्हरमध्ये शिरलेला लिव्हरची कामं शिकतो, फुफ्फुसातला फुफ्फुसाची. आजूबाजूच्या पेशी त्याला सतत रासायनिक निरोप देत असतात आणि त्यावरून त्याची कुठली जीन्स चालू, कुठली बंद हे ठरतं. पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन गेला. पण पूर्णपणे नाही, मुळाचा थोडा ठसा राहतो, आणि आजारपणात तो दिसतो, त्यावर पुढे येतेच.

पण हे सगळं उंदरात ना?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माणसाच्या गर्भात अशी खूण लावता येत नाही आणि लावूही नये. तरी माणसातले काही पुरावे आहेत आणि ते बोलके आहेत.

काही लोकांत गाटा-२ नावाच्या जीनमध्ये दोष असतो, त्यांच्या रक्तात मोनोसाइट जवळपास नसतातच. जुनी गोष्ट खरी असती तर त्यांच्या अवयवांत मॅक्रोफेजही नसायला हवे होते. पण त्यांच्या त्वचेची तपासणी केली तेव्हा मॅक्रोफेजही सापडले, आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या त्यांच्या नातेवाईक लँगरहान्स पेशीही. दुसरा पुरावा हाताच्या ट्रान्सप्लांटचा. ज्यांना दुसऱ्याचा हात बसवला त्यांच्या त्या हाताच्या त्वचेत कित्येक वर्षांनीसुद्धा लँगरहान्स पेशी मूळ दात्याच्याच होत्या, नव्या मालकाच्या रक्तातून येऊन त्यांची जागा कुणी घेतली नव्हती.

फुफ्फुसाच्या ट्रान्सप्लांटमध्ये मात्र वेगळं दिसलं, तिथे हवेच्या पिशव्यांतले बहुतेक मॅक्रोफेज काही काळाने पेशंटच्या स्वतःच्या रक्तातून आलेले निघाले. ऑपरेशनची जखम, इन्फेक्शनं, सिगारेटचा धूर, रोजची धूळ, ह्यातून जुने रहिवासी मरत जातात आणि जागा रिकाम्या होत जातात. स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराचं फुफ्फुस आणि पन्नास वर्षं जगात वावरलेल्या माणसाचं फुफ्फुस सारखं असायचं कारण नाही. म्हणून माणसात नेमकं गणित अवयवागणिक आणि आयुष्यागणिक बदलतं असं समजा.

शांततेच्या काळात हे करतात तरी काय

इम्युनिटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते. खरं बघितलं तर मॅक्रोफेजचा जास्तीत जास्त वेळ साफसफाईत आणि डागडुजीत जातो, आणि ती साफसफाई थांबली तर आपण फार काळ जगणार नाही.

लाल रक्तपेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास लाल पेशी म्हाताऱ्या होऊन बाद होतात, आणि प्लीहा, लिव्हर इथले मॅक्रोफेज त्यांना गिळून त्यातलं लोह काढून परत देतात. नव्या लाल पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि अन्नातून शरीरात जिरतं फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं सगळं हे मॅक्रोफेजच परत मिळवून देतात.

हे काम चालू असताना बघायचं असेल तर पुढच्या वेळी कुठे मुका मार लागला की रोज त्या जागेकडे बघा. आधी लालसर, मग काळं-निळं, हे सांडलेलं रक्त. चार-पाच दिवसांनी कडेने हिरवट छटा येते, मग पिवळी, मग कधी थोडी तपकिरी आणि मग साफ. मॅक्रोफेज तिथे पोचून सांडलेल्या लाल पेशी गिळत असतात आणि हिमोग्लोबिनचे तुकडे करत असतात. पहिला तुकडा बिलिव्हर्डिन, तो हिरवा. त्यापासून बिलिरुबिन, ते पिवळं. साठवलेलं लोह तपकिरी दिसतं. म्हणजे कातडीवर रंग बदलताना दिसतात ते आतल्या पचनाचे टप्पे, आणि त्यासाठी ना मायक्रोस्कोप लागतो ना लॅब.

फुफ्फुसात पाण्याच्या पृष्ठताणामुळे हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून एक साबणासारखा द्रव असतो, तो जुना झाला की मॅक्रोफेज तो उचलतात. हे काम शिकवणारा रासायनिक निरोप काही लोकांत स्वतःच्याच अँटीबॉडीमुळे अडतो, मग तो द्रव साचत जातो, श्वास अपुरा पडायला लागतो आणि शेवटी सलाईनने फुफ्फुस अक्षरशः धुवावं लागतं. मेंदूत मायक्रोग्लिया वाढीच्या काळात नको असलेली जोडणी छाटतात, माळी झाड छाटतो तशी. आणि हृदयात २०१७ मध्ये कळलं की ठोक्याची वीज वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जिथून जाते त्या गाठीतले मॅक्रोफेज स्नायूपेशींना चिकटून ती वीज पुढे जायला मदत करतात, ते काढून टाकले तर उंदरांचे ठोके अडखळतात. खादाड पेशी ठोका सांभाळते, हे कुणाला सुचलं असतं?

टॅटू टिकतो तो कसा

त्वचेतल्या पेशी सतत बदलत असतात तर टॅटू जन्मभर कसा टिकतो? सुईने शाई त्वचेच्या खालच्या थरात गेली की तिथले मॅक्रोफेज ती गिळतात, पण शाईचे कण पचत नाहीत, त्यामुळे पोटात घेऊन बसून राहतात. टॅटू म्हणून आपल्याला जे दिसतं त्यातला मोठा भाग म्हणजे रंग पोटात घेतलेल्या पेशी.

पण ह्या थरातले मॅक्रोफेज अमर नाहीत, आणि तिथली बरीच भरती मोनोसाइटकडून होते हे वर आलंच. मग रंग वाहून का जात नाही? फ्रान्समध्ये मार्सेलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदराच्या शेपटीवर टॅटू काढला आणि मग तिथले सगळे मॅक्रोफेज मुद्दाम मारले. टॅटू जसाच्या तसा राहिला. पेशी मेली, शाई सुटली, थोडा वेळ तिथेच पडून राहिली, तेवढ्यात रक्तातून आलेल्या मोनोसाइटपासून नवा मॅक्रोफेज तयार झाला आणि त्याने तीच शाई पुन्हा उचलली. रंग तोच, जागा तीच, फक्त हातातून हातात गेला. लेझरने टॅटू काढायला इतक्या वेळा का जावं लागतं ह्याचंही एक कारण हे असणार, कण फुटून सुटतात आणि काही पुन्हा पकडले जातात.

आणि खरंच जंतू आला तर

समजा बोटात काच गेली. जागेवरचे मॅक्रोफेज सगळ्यात आधी जागे होतात. जंतूंच्या कवचावरचे ठरावीक नमुने ओळखणारे सेन्सर त्यांच्याकडे जन्मजात असतात, ह्या प्रकारच्या सेन्सरच्या शोधासाठी २०११ चं नोबेल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर ह्यांना मिळालं, त्या वर्षी तिसरा वाटा राल्फ स्टाइनमन ह्यांचा होता तो दुसऱ्या पेशीसाठी. सेन्सर पेटला की मॅक्रोफेज रासायनिक हाका मारतो. आधी न्यूट्रोफिल येतात, ते काही तासांत, आणि मागोमाग मोनोसाइट. बोन मॅरोतून तर येतातच, पण प्लीहेतही मोनोसाइटचा मोठा साठा राखून ठेवलेला असतो हे २००९ मध्ये उंदरांत सापडलं, हार्ट अटॅक आल्यावर तिथून ते लोंढ्याने हृदयाकडे जातात.

आत आल्यावर मोनोसाइट मॅक्रोफेज होतात, जंतू मारतात, मेलेले न्यूट्रोफिल गिळतात. आणि मग एक वळण येतं. मेलेल्या पेशी खाता खाताच त्यांचा स्वभाव बदलतो, सूज वाढवणारे निरोप थांबतात आणि जखम भरणारे, नव्या रक्तवाहिन्या बोलावणारे निरोप सुरू होतात. पाडणारे आणि बांधणारे एकाच कुळातले. पुस्तकांत ह्याला एम-१ आणि एम-२ अशी दोन लेबलं दिसतील, सुरुवातीला समजून घ्यायला ठीक आहेत, पण खऱ्या टिश्यूत मधल्या असंख्य छटा असतात आणि बरेच संशोधक आता ती लेबलं टाळतात. मीही टाळणार.

मदतीला आलेलेच अडचण होतात तेव्हा

मूळ कुठलं हा प्रश्न नुसता अभ्यासकांचा आहे असं वाटत असेल तर हा भाग नीट वाचा.

कोविडच्या गंभीर पेशंटच्या फुफ्फुसातलं पाणी तपासलं तेव्हा तिथले जुने रहिवासी मॅक्रोफेज खूप कमी झालेले होते आणि रक्तातून नव्याने आलेल्या, भडकलेल्या मॅक्रोफेजची गर्दी होती. आयएल-६ सारखे सूज वाढवणारे निरोप बेसुमार वाढले होते आणि टोसिलिझुमॅब हे तो निरोप अडवणारं औषध काही गंभीर पेशंटना उपयोगी पडलं.

हृदयाच्या रक्तवाहिनीत उलट, सगळं हळूहळू. भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, मोनोसाइट साफ करायला आत शिरतात, खातात, खात राहतात, पण ते चरबी संपवू शकत नाहीत. मायक्रोस्कोपखाली अशा पेशी फेसाने भरल्यासारख्या दिसतात. त्या तिथेच मरतात, त्यांचा कचरा साफ करायला आणखी मोनोसाइट येतात, आणि गाठ वाढत जाते. २०१७ मध्ये १०,००० पेक्षा जास्त पेशंटवरच्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल अजिबात न उतरवता फक्त सुजेचा एक निरोप अडवला, तरी पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण कमी झालं. पण त्याच चाचणीत जीवघेणी इन्फेक्शनं वाढली. ही फौज दाबली की दुसरीकडे दार उघडं पडतं, हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

टीबीचा जंतू तर ह्या पेशींच्या पोटातच संसार थाटतो. गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो ती पिशवी पाचक रसाच्या पिशवीला मिळाली की जंतू मरतो, टीबीचा जंतू हे मीलनच अडवतो. आणि उंदरांत असं दिसलंय की फुफ्फुसातले जुने रहिवासी मॅक्रोफेज त्याला सुरुवातीला जास्त मानवतात, त्यांच्यात तो वाढतो, तर रक्तातून नव्याने आलेले त्याला जास्त आवळतात. एकच अवयव, एकच जंतू, पण कुठल्या कुळातल्या पेशीत शिरला ह्याने फरक पडतो.

कॅन्सरमध्ये गाठ मोनोसाइटना बोलावून घेते आणि त्यांना जखम भरण्याच्या कामाला लावते, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुकटात मिळतात. शिवाय कित्येक कॅन्सर पेशी अंगावर सीडी-४७ नावाचं प्रोटीन भरपूर मिरवतात, त्याचा अर्थ मॅक्रोफेजला कळतो तो मला खाऊ नकोस. हे प्रोटीन झाकायचं म्हणजे मॅक्रोफेज गाठ खातील, अशी आशा होती, अजूनही आहे, पण मॅग्रोलिमॅब ह्या औषधाच्या रक्ताच्या कॅन्सरमधल्या मोठ्या चाचण्या अपेक्षित फायदा न दिसल्याने थांबवाव्या लागल्या. निरोगी लाल पेशींवरही तेच प्रोटीन असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरणं ही ह्या औषधांची पहिल्यापासूनची अडचण आहे.

मग ही इम्युनिटी वाढवायची कशी?

लोक मला हे हमखास विचारतात, आणि माझं उत्तर आवडत नाही. वरची उदाहरणं परत बघा, कोविड, हृदयाची नळी, कॅन्सर. तिन्हीकडे मॅक्रोफेज कमी पडले म्हणून बिघडलं असं नाहीये, चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी, चुकीच्या निरोपावर काम करत राहिले. त्यामुळे इम्युनिटी वाढवतो असं सांगून कुणी काही विकत असेल तर त्याला विचारा, कुठल्या पेशींची, कुठल्या अवयवातली आणि किती वेळासाठी. सिगारेट बंद केली तर फुफ्फुसातल्या जुन्या रहिवाशांवरचा भार कमी होतो, लशी वेळेवर घेतल्या तर फौजेला आधीच सूचना मिळते. ह्या दोन गोष्टी मी छातीठोकपणे सांगेन.

लशींवरून शेवटची एक शंका. आपण शिकलो की इम्युनिटीची आठवण फक्त टी आणि बी पेशींना (रिपोर्टमधल्या लिम्फोसाइटचे हे प्रकार) असते, मॅक्रोफेज आणि मोनोसाइट दरवेळी कोऱ्या पाटीने लढतात. बीसीजीची, म्हणजे टीबीवरची लस घेतलेल्यांचे मोनोसाइट तपासले तेव्हा मात्र महिन्यांनंतरही ते टीबीशी संबंध नसलेल्या जंतूंना जास्त जोरात उत्तर देत होते. ह्यावर आक्षेप लगेच आला, आणि तो रास्त होता: मोनोसाइट तर एक-दोन दिवसांत मरतो, मग तीन महिन्यांपूर्वीची लस त्याला आठवणार कशी? उत्तर सापडलं बोन मॅरोत. लशीने बदलल्या होत्या त्या तिथल्या मूळ पेशी, त्यांच्या डीएनएवरच्या खुणा, कुठली जीन्स पटकन उघडायची ह्याच्या. मूळ पेशी वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे आज सकाळी तयार झालेला मोनोसाइट ज्याने ती लस कधी पाहिलीच नाही, तोही जन्मतःच शिकलेला बाहेर पडतो.